रंध्रं बुजतात ती आतून

नाकाच्या बाजूला, हनुवटीवर किंवा कपाळावर काळे ठिपके दिसू लागले की घरात पहिला प्रश्न येतो तो तोंड नीट धुण्याचा. आई विचारते, आत्या साबण बदलायला सांगते, पार्लरमधली ताई ‘पोअर्स खूपच बंद झालेत’ म्हणून क्लीनअप सुचवते. फेसवॉशच्या जाहिरातीत धुळीचे कण चेहऱ्यावर बसतात आणि फेसाबरोबर वाहून जातात. या सगळ्यांच्या बोलण्यामागे एकच समजूत आहे. बाहेरची घाण छिद्रात शिरली म्हणून ते बुजलं, आणि घाण काढली की प्रश्न मिटला. ही समजूत चुकीची आहे आणि ती निरुपद्रवी तर मुळीच नाही. तिच्यामुळे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना अस्वच्छ ठरवलं जातं, ती चेहरा घासघासून लाल करतात आणि शेवटी भलत्याच मलमाच्या वाटेला लागतात. रंध्र बुजतं ते आतून, आपल्याच कातडीच्या पेशींनी आणि तेलाने. एवढं नीट समजून घेतलं तर काय करायचं हे तर कळतंच, पण काय ताबडतोब थांबवायचं हेही कळतं.

मुळात आपल्या कातडीवर दोन वेगळ्या प्रकारची छिद्रं असतात आणि सगळा घोटाळा त्यांना एकच मानण्यातून होतो. पहिली छिद्रं घामाची. ती अतिशय बारीक असतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ती बुजली तर घामोळं येतं. एप्रिल-मे महिन्यात, विशेषतः कोकणपट्टीतल्या दमट हवेत, पाठीवर आणि मानेवर जे बारीक टोचरे दाणे उठतात ते घामाच्या नळ्या अडल्याने. थंड हवा आणि सुती कपडे मिळाले की ते आपोआप बसतात. दुसरी छिद्रं केसांची. चेहऱ्यावर आपल्याला जी ‘रंध्रं’ दिसतात ती हीच. प्रत्येक छिद्रातून एक केस निघतो, मग तो दिसण्याइतका जाड असो वा नसो, आणि त्याच्या बाजूला एक तैलग्रंथी लागलेली असते. चेहऱ्याच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये अशा ४०० ते ९०० ग्रंथी असतात. त्यातून पाझरणारं तेल, ज्याला सीबम म्हणतात, त्याच छिद्रातून वर येतं आणि कातडीवर पसरतं. छिद्राच्या आतल्या भिंतीवरच्या पेशी जुन्या होऊन गळतात, त्याही या तेलाबरोबर बाहेर निघून जातात. सगळं सुरळीत असताना हे काम आपल्या नकळत चालू असतं.

बिघाड होतो तो या गळत्या पेशींमध्ये. त्या सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटून राहतात, भराभर वाढतात आणि तेलाबरोबर त्यांचा घट्ट लगदा छिद्राच्या तोंडापाशी साचतो. सुरुवातीला हा अडथळा इतका सूक्ष्म असतो की आरशात काहीच दिसत नाही. तो वाढत जातो आणि साधारण आठ आठवड्यांनी डोळ्यांना दिसण्याजोगा होतो. छिद्राचं तोंड मिटलेलंच राहिलं तर कातडीच्या रंगाचा किंवा पांढुरका बारीक उंचवटा दिसतो, तो व्हाइटहेड. तोंड उघडं राहून बुच्याचं टोक हवेला लागलं तर ते काळं पडतं, तो ब्लॅकहेड. भिंगातून पाहिलं तर ब्लॅकहेडचा काळेपणा फक्त वरच्या टोकापुरता असतो. त्याच्याखालचा भाग पिवळसर-पांढरा, मेणचट असतो. तो काळा रंग मेलॅनिनचा, म्हणजे आपल्या कातडीला आणि केसांना रंग देणाऱ्या द्रव्याचाच. धुळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तो साबणाने निघत नाही याचं कारणही हेच. अशा बुजलेल्या छिद्रात, कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू पोसतात. ते एरवीही प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असतातच. शरीर त्यांच्याविरुद्ध आणि साचलेल्या तेलाविरुद्ध दाह उभा करतं, आणि मग लाल, दुखरी, पुवाची पुटकुळी येते. थोडक्यात, मुरमांची सुरुवात बुजलेल्या रंध्रापासून होते. मुरूम दिसेपर्यंत त्या जागेचा आजार दोन महिन्यांचा झालेला असू शकतो.

नाकावरच्या ठिपक्यांबद्दल इथेच एक गोष्ट सांगायला हवी, कारण अनेक लोक ज्याला ब्लॅकहेड समजून पिळत असतात तो ब्लॅकहेड नसतोच. नाकाच्या शेंड्यावर आणि दोन्ही बाजूंना एकसारख्या अंतरावर, सपाट, राखाडी ठिपके असतील तर ते बहुधा छिद्रात भरलेले तेलाचे नैसर्गिक धागे असतात. दाबलं तर शेवईच्या बारीक तुकड्यासारखा पांढुरका धागा बाहेर येतो, आणि महिनाभरात छिद्र पुन्हा भरतं. ते भरायलाच हवं, तसं घडणं हेच त्या छिद्राचं काम आहे. नाकावर चिकटवून ओढायच्या पट्ट्यांना जे काही चिकटून येतं त्यातलं बरंचसं हेच असतं. म्हणून पट्टी ओढल्यावर समाधान वाटतं आणि काही आठवड्यांत सगळं जैसे थे होतं. हा आजार नाही, त्यामुळे त्याच्यावर इलाजही नको.

आता कोणी म्हणेल, घाण बाहेरून आलेली नसली तरी वारंवार धुतल्याने तेल तरी कमी होईल ना? हे तपासून पाहिलेलं आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण काटेकोर प्रयोगात मुरमं असलेल्या तरुण पुरुषांचे तीन गट केले. एकाने दिवसातून एकदा, दुसऱ्याने दोनदा आणि तिसऱ्याने चारदा सौम्य साबणाने चेहरा धुवायचा, असं सहा आठवडे केलं. चारदा धुणाऱ्यांना दोनदा धुणाऱ्यांपेक्षा काही जास्त मिळालं नाही. त्याच्याही आधी, १९७५ मध्ये, मिल्स आणि क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी सतत साबण लावून धुणाऱ्यांमध्ये मुरमं उलट बळावल्याचं नोंदवलं होतं. कारण सरळ आहे. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच पाचच्या आसपास असतो, आणि आपल्या अंघोळीच्या नेहमीच्या वडीचा पीएच नऊ-दहा. दिवसातून चार-पाच वेळा ती वडी चेहऱ्यावर फिरवली की कातडीचं वरचं आवरण खिळखिळं होतं आणि दाह वाढतो. आतली तैलग्रंथी मात्र आपल्याच गतीने तेल सोडत राहते, कारण तिला हुकूम येतो तो रक्तातून.

हा हुकूम म्हणजे ॲन्ड्रोजन संप्रेरकं. वयात येताना मुलगे आणि मुली दोघांच्याही शरीरात ती वाढतात आणि तैलग्रंथी मोठ्या होतात. कोणाच्या ग्रंथी किती संवेदनशील, कोणाच्या छिद्रातल्या पेशी किती चिकट, हे बरंचसं जन्मानेच ठरतं. ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींच्या मोठ्या अभ्यासात, जो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, मुरमांच्या बाबतीत माणसामाणसांतल्या फरकाचा ८१ टक्के वाटा आनुवंशिक निघाला. एकाच घरात, एकच साबण वापरणाऱ्या दोन भावांपैकी एकाचा चेहरा नितळ आणि दुसऱ्याचा पुटकुळ्यांनी भरलेला असतो, तो यामुळे. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनाही हे आतूनच घडतं याची जाण होती. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या चेहऱ्यावरच्या पिटिकांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे आणि कारण कफ, वात आणि रक्त यांच्या बिघाडात सांगितलं आहे. ती परिभाषा आजची नाही, पण रुग्णाला अस्वच्छ म्हणून दोष देणं तिच्यात नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग बाहेरच्या गोष्टींचा काहीच हात नसतो का? असतो, पण तो धुळीचा नसतो. कपाळावर आणि कानशिलांवर बारीक व्हाइटहेडची दाटी दिसली तर आधी केसांच्या तेलाकडे पाहावं. १९७० मध्ये प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये केसांना लावायच्या चिकट पोमेडमुळे कपाळाच्या कडेने असे दाणे येतात हे दाखवून दिलं. आपल्याकडे रात्री डोक्यावर भरपूर तेल थापून झोपायचं आणि तेच तेल उशीवरून, घामातून कपाळावर उतरायचं, हा नित्याचा प्रकार आहे. तेल सोडायची गरज नाही. न्हाण्याआधी तास-दोन तास लावलं, ते कपाळाच्या कडेला येऊ दिलं नाही आणि उशीचा अभ्रा वरचेवर बदलला, तरी पुष्कळ फरक पडतो. जाड, तेलकट क्रीम आणि मेकअप यांचंही तसंच. हेल्मेटचा पट्टा, मास्कची कड, गालाला दाबून धरलेला फोन, यांच्या घर्षणाने आणि दाबाने छिद्राचं तोंड सुजतं. बाटलीवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलेलं असणं चांगलंच, पण तो शब्द छापण्यासाठी सगळ्यांना बंधनकारक अशी एकच चाचणी नाही. पूर्वी या चाचण्या सशाच्या कानावर होत, आणि सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा फार लवकर बिघडतो. म्हणून लेबल ही सुरुवात मानावी, आणि खरा निकाल आपल्या चेहऱ्याने महिना-दोन महिन्यांत द्यावा.

खाण्याचा मुद्दा सर्वांत वादाचा. तेलकट खाल्लं म्हणून चेहरा तेलकट झाला, हे ऐकायला सोपं आहे, पण वड्याचं तेल पोटातून चेहऱ्याच्या ग्रंथीत थेट जाऊन बसत नाही. १९६९ मध्ये फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन यांनी ६५ जणांना काही आठवडे चॉकलेट देऊन पाहिलं आणि मुरमांवर परिणाम होत नाही असा निष्कर्ष काढला. तो कित्येक वर्षं डॉक्टरांच्या तोंडी होता. पण त्या प्रयोगात तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर आणि चरबी जवळजवळ तेवढीच होती. म्हणजे फार तर कोकोचा दोष नाही एवढं सिद्ध झालं, साखरेची सुटका झाली नाही. या ६५ जणांत तुरुंगातले कैदीही होते, हे विसरून चालणार नाही. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात क्लिगमन यांनी १९५१ ते १९७४ या काळात कैद्यांवर, त्यातही बहुतांश कृष्णवर्णीयांवर, असंख्य प्रयोग केले. २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागाने त्याबद्दल माफी मागितली. रंध्रांविषयीचं आपलं बरंचसं ज्ञान ज्या माणसाकडून आलं, त्याने ते काही अंशी असं मिळवलं.

साखरेच्या बाजूने पुढे जास्त नेमके पुरावे आले. २००७ मधल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांपैकी निम्म्यांना बारा आठवडे रक्तातली साखर झटकन न वाढवणारा आहार दिला. त्यांची मुरमं दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाली. त्यांचं वजनही घटलं होतं, त्यामुळे श्रेय नेमकं कशाचं हे वेगळं काढता येत नाही. त्याआधी, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी पापुआ न्यू गिनीच्या किटावा बेटावर १२०० लोक तपासले गेले होते आणि त्यांत एकालाही मुरूम सापडला नव्हता. ही माणसं कंदमुळं, फळं, नारळ आणि मासे खातात, कारखान्यातले पदार्थ त्यांच्या ताटात जवळजवळ नसतातच. मग ८१ टक्के आनुवंशिकतेचं काय? दोन्ही खरं असू शकतं. एकाच देशात, साधारण सारख्याच खाण्यावर वाढलेल्या माणसांतला फरक जन्माने पडतो, पण सगळ्यांचंच खाणं बदललं तर सगळ्यांचीच पातळी वरखाली होऊ शकते. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा, त्याबरोबर मैद्याची बिस्किटं, वर शीतपेयं, हे कमी करून पाहण्यात तोटा काहीच नाही. फक्त तेवढ्यावर विसंबून उपचार लांबवू नयेत.

घरगुती उपायांबद्दल बोलताना आजीचा अपमान करण्याचा हेतू नाही. दिवाळीत अभ्यंगाला लावलेल्या उटण्याने कोणाचं बिघडत नाही. बिघडतं ते रोजच्या घासण्याने. अक्रोडाच्या टरफलाची पूड घातलेला स्क्रब, बेकिंग सोडा, टूथपेस्ट, यांनी वरचं आवरण सोलवटतं आणि आतल्या बुच्याला धक्काही लागत नाही. लिंबाचा रस तर फारच तीव्र आम्ल, आणि तो लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून काळे पट्टे उठतात. वाफेने रंध्रं उघडतात आणि बर्फाने मिटतात, हेही खरं नाही. रंध्राच्या तोंडाला उघडझाप करणारा स्नायूच नसतो. केसाला लागून एक स्नायू असतो खरा, पण त्याचं काम काटा उभा करणं. पार्लरमध्ये दाबून काढण्याच्या बाजूचा एक मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यावा लागतो. तिथे निदान ठिपका निघालेला डोळ्यांना दिसतो. उघडा ब्लॅकहेड डॉक्टरने निर्जंतुक उपकरणाने अलगद काढला तर ते ठीकच आहे. पण मिटलेल्या छिद्रावर नखाने किंवा लोखंडी वळ्याने जोर दिला की त्याची भिंत कातडीखाली फुटते, आतला लगदा आजूबाजूला पसरतो, आणि जिथे नुसता दाणा होता तिथे आठवड्याने गाठ आणि नंतर खड्डा होतो. शिवाय काढलेला बुचा पुन्हा भरतो, कारण पेशींची चिकटण्याची खोड तशीच असते.

खरा उपचार हवा तो या खोडीवर. रेटिनॉइड गटातली औषधं, म्हणजे ट्रेटिनॉइन आणि त्यानंतर आलेलं अडॅपलीन, छिद्रातल्या पेशींना वेळच्या वेळी सुटं व्हायला लावतात. म्हणून ती नुसत्या दिसणाऱ्या ठिपक्यावर न लावता, जिथे ठिपके येतात त्या सगळ्या भागावर लावायची असतात. डोळ्यांना न दिसणारे कित्येक अडथळे तिथे तयार होत असतात. रात्री चेहरा सौम्य फेसवॉशने धुऊन पूर्ण कोरडा करायचा, वाटाण्याएवढं जेल बोटावर घ्यायचं, कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी असे पाच ठिपके ठेवायचे आणि पातळ पसरायचे. ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या कडा सोडायच्या. सुरुवातीला एक दिवसाआड, कातडी सोलायला लागली तर दोन दिवसांआड, आणि वरून साधं मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा कोरडा पडतो, कधीकधी पुटकुळ्या वाढल्यासारख्याही वाटतात. याच टप्प्यावर अनेक जण औषध सोडून देतात. फायदा दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, कारण बुचा तयार व्हायलाही तेवढाच काळ लागला होता. दोन टक्क्यांपर्यंतचं सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळतं, म्हणून छिद्रात उतरतं, आणि सौम्य त्रासाला पुरतं. लाल पुटकुळ्या असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड. त्याची अडीच टक्क्यांची मात्रा बहुतेकांना पाच-दहा टक्क्यांइतकीच उपयोगी पडते आणि झोंबते कमी. त्याने टॉवेल आणि अभ्रे विटतात, तेवढी काळजी घ्यावी. अँटिबायोटिक एकटं महिनोन्महिने लावलं किंवा घेतलं तर जिवाणू त्याला जुमानेनासे होतात. गरोदरपणात किंवा त्या तयारीत असताना रेटिनॉइड वापरू नये, आणि पोटातून घ्यायचं आयसोट्रेटिनॉइन तर गर्भाला गंभीर इजा करतं, म्हणून स्त्रियांना ते डॉक्टरांच्या नजरेखाली आणि खात्रीच्या गर्भनिरोधासहच दिलं जातं.

तीन महिने थांबायचं हे ऐकून अनेकांचा धीर सुटतो, आणि तिथेच आपल्याकडचा सर्वांत मोठा धोका उभा आहे. मेडिकलच्या काउंटरवर ‘डागांवर काहीतरी द्या’ म्हटलं की अनेकदा स्टेरॉइड असलेली ट्यूब हातात पडते. चार दिवसांत लाली जाते, चेहरा उजळतो, मैत्रिणी नाव विचारतात. स्टेरॉइड दाह दाबतं, छिद्र मोकळं करत नाही. काही आठवड्यांनी कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, एकाच आकाराच्या पुटकुळ्यांचं पीक येतं, आणि ट्यूब थांबवली की चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून ती पुन्हा लावली जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या १२ केंद्रांवरच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमं वापरत होते. त्यातल्या जवळजवळ ५९ टक्क्यांना ती डॉक्टरेतर व्यक्तींनी सुचवली होती. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली, तरी दुकानात चौकशी न होण्याची सवय गेलेली नाही. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही नाव दिसलं तर ती मुरमांवर लावायची नाही. महिनोन्महिने लावत असाल तर एकदम न थांबवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचं.

शेवटचा आक्षेप वडीलधाऱ्यांचा असतो, की हे वयाचं आहे, लग्नापर्यंत जाईल. पुष्कळांचं जातंही. पण आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर पुटकुळी अनेकदा मागे काळा डाग ठेवते आणि तो महिनोन्महिने टिकतो. खोल पुटकुळ्यांनी पडलेले खड्डे तर आयुष्यभर राहतात आणि ते भरून काढायचा खर्च सुरुवातीच्या जेलच्या कितीतरी पट असतो. उपचार नुसत्या व्हाइटहेड-ब्लॅकहेडच्या टप्प्यावर सुरू झाला तर यातलं बरंच टळतं. मुलीला मुरमांबरोबर पाळी अनियमित येत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएस या संप्रेरकांच्या विकाराची तपासणी करून घ्यावी. कपाळावर किंवा छाती-पाठीवर एकसारखे खाजरे दाणे असतील तर ते मुरमं नसून बुरशीचा त्रास असू शकतो, आणि त्याचं औषध वेगळं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते. तिथे जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा आणि बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून सोबत न्याव्यात.